कुरणांवरील प्रणयकथा

अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील ‘रँच’, म्हणजे हजारों गुरें राखणारी विस्तीर्ण वाडी. ओवेन विस्टर यांच्या ‘द व्हर्जिनियन’ (१९०२) या कादंबरीनें तिला प्रणयाचें रंगस्थान केलें. निनांवी गुराखी नायक, व्हर्मांटहून वायोमिंगांत आलेली शिक्षिका मॉली, त्यांचें हळूहळू उमलणारें प्रेम. पुस्तक खालीं ठेववत नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. पण मध्येंच नायक आपल्या जिवलग मित्राला गुरें चोरल्याबद्दल फांशीं देतो. मॉली हादरते. तेव्हां रँचचे मालक जज्ज हेन्री तिची समजूत घालतात कीं, न्यायालयें दुबळीं असतां लोकांनीं कायदा हातीं घेणें हाही कायद्याचाच मान!

येथें आम्हांस एला वॉटसन आठवते. याच वायोमिंगांत, स्वीटवॉटर नदीच्या खोऱ्यांत, तिनें सरकारी नियमानुसार जमीन धरली, थोडीं गुरें पाळलीं. ती जमीन शेजारच्या बड्या गुरेवाल्याच्या चराईआड आली. २० जुलै १८८९ रोजीं त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं तिला व जेम्स ॲव्हरेल याला धरून नेलें आणि झाडास टांगलें. आरोप गुरेंचोरीचा. शिक्षा कोणासही झाली नाहीं. शायेनच्या वर्तमानपत्रांनीं मात्र मेलेल्या बाईचीच अब्रू घेतली.

विस्टर १८८५ सालीं वायोमिंगांत प्रथम उतरले ते मेजर फ्रँक वोल्कॉट यांच्या रँचवर. त्याच मेजरसाहेबांनीं १८९२ सालीं भाडोत्री बंदुकवाले घेऊन जॉन्सन परगण्यांतील लहान गुरेवाल्यांवर चाल केली. जज्ज हेन्रींच्या युक्तिवादांत आम्हांस त्या यजमानांच्या बैठकीचाच आवाज ऐकूं येतो.