स्पायसर मेमोरिअल कॉलेज
पुण्यातील औंध रस्त्यावरील सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची निवासी शिक्षणसंस्था. स्थापना १९१५ मध्ये कोइमतूर येथे. पुढे बंगळूरमार्गे १९४२ मध्ये पुण्यात स्थलांतर. १८९८ मध्ये भारतात आलेले मिशनरी विल्यम ॲम्ब्रोझ स्पायसर यांचे नाव संस्थेस दिले आहे. बुद्धी, हात आणि श्रद्धा यांचे शिक्षण एकत्रच व्हावे, अशी पंथाची धारणा असल्याने येथे अभ्यासाला शारीरिक श्रमाची जोड देण्यात आली. विद्यार्थी बेकरी, शेत, स्वयंपाकघर किंवा कार्यालयात काम करीत. त्याचा मोबदला शुल्कात वळता होई. भोजन शाकाहारी असे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत वर्ग व कामे बंद राहत आणि तो वेळ उपासनेला दिला जाई. २०१४ मध्ये राज्याच्या कायद्यान्वये संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.