स्टॅकर, डबलस्पेस आणि पेटंटची लढाई

सॉफ्टवेअरवरचे पहिले मानले जाणारे पेटंट अमेरिकेत एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन गोएट्झ यांना मिळाले. ते माहिती क्रमवार लावण्याच्या एका पद्धतीवर होते. गोएट्झ यांची अप्लाइड डेटा रिसर्च ही न्यू जर्सीतली छोटी कंपनी प्रोग्रॅम विकत असे, तर आयबीएम आपल्या यंत्रांबरोबर ते फुकट देई. फुकटाशी टक्कर घ्यायची तरी कशी? १९६९ मध्ये कंपनीने आयबीएमला कोर्टात खेचले. त्याच वर्षी आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत वेगळी आकारण्याचे जाहीर केले.

रबर पक्के करण्याच्या प्रक्रियेसंबंधीच्या १९८१ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अशी पेटंटे मिळणे सोपे झाले. त्यांचा खरा कस लागला तो स्टॅक इलेक्ट्रॉनिक्सच्या खटल्यात. कॅलिफोर्नियातल्या या कंपनीने १९९० मध्ये स्टॅकर हे डिस्कवरची माहिती दाबून बसवणारे सॉफ्टवेअर विकायला काढले. डिस्क महाग होत्या, चाळीस मेगाबाइट म्हणजे चैन. स्टॅकर हे डॉस, म्हणजे संगणक चालवणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली, आणि डिस्क यांच्या मधे बसे. फाइल लिहिताना आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, की तो न लिहिता ‘इतका मागे जा, इतकी अक्षरे घे’ एवढीच खूण ठेवी आणि वाचताना सारे पूर्ववत करी. डिस्कवर जवळजवळ दुप्पट माल मावे.

मायक्रोसॉफ्टने स्टॅकशी परवान्याची बोलणी केली, पण ती फिसकटली. दर प्रतीमागे रॉयल्टी द्यायला मायक्रोसॉफ्ट राजी नव्हती, असे स्टॅकचे म्हणणे. १९९३ च्या जानेवारीत स्टॅकने पेटंटभंगाचा दावा ठोकला; मार्चमध्ये एमएस-डॉस ६.० बाजारात आले, सोबत डबलस्पेस. जे स्टॅक पैसे घेऊन विकत होती, ते आता डॉसमध्येच मिळू लागले. फेब्रुवारी १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने स्टॅकला १२ कोटी डॉलर देवविले. मायक्रोसॉफ्टचे व्यापारी गुपित वापरल्याबद्दल स्टॅकलाही १ कोटी ३६ लाख भरायला सांगितले, हा भाग सहसा सांगितला जात नाही. मायक्रोसॉफ्टने ६.२१ मधून डबलस्पेस काढले आणि ६.२२ मध्ये निराळ्या पद्धतीचे ड्राइव्हस्पेस घातले. जूनमध्ये तडजोड झाली. भागभांडवल आणि रॉयल्टी मिळून स्टॅकला सुमारे ८ कोटी ३० लाख डॉलर मिळायचे ठरले.

पेटंटाने पैसा मिळवून दिला, गेलेला बाजार नाही. डिस्क स्वस्त झाल्यावर तर स्टॅकरची गरजच उरली नाही. कंपनी बॅकअपच्या सॉफ्टवेअरकडे वळली, तिने प्रीव्हिओ असे नाव घेतले आणि २००२ मध्ये गाशा गुंडाळला.

मायक्रोसॉफ्टवरचा पेटंटचा हा शेवटचा दावा नव्हता. टोरांटोच्या आयफोरआय कंपनीने २००७ मध्ये वर्डमधील एका सोयीवरून तिच्यावर दावा केला. भरपाईचा आकडा सुमारे २९ कोटी डॉलरवर गेला. पेटंट रद्द ठरवायला स्पष्ट आणि ठोस पुरावाच हवा, ही कसोटी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. त्याच न्यायालयाच्या २०१४ च्या ‘अॅलिस’ खटल्यातील निकालाने मात्र अमूर्त कल्पना केवळ संगणकावर चालवली म्हणून पेटंट टिकत नाही असे ठरवले, आणि सॉफ्टवेअरची अनेक पेटंटे त्यात बाद झाली.