झाडाच्या पोटातला माणूस

एप्रिल १८७४मध्ये न्यू यॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या दैनिकात एका झाडाची हकिकत छापून आली. मादागास्करच्या जंगलात म्कोडो नावाची जमात आहे, ती एका झाडाची पूजा करते, त्याला बाईचा बळी देते आणि झाडाची लांब पानं सावकाश उठून तिच्याभोवती मिटतात, असं कार्ल लेखे नावाच्या जर्मन प्रवाशाने पत्रातून कळवलं होतं. प्रवासी खोटा, जमात खोटी, झाड तर खोटंच. एडमंड स्पेन्सर या वार्ताहराने सगळं रचलं होतं, हे १८८८मध्ये उघड झालं. तरी १९२४मध्ये मिशिगनचे माजी गव्हर्नर चेस ऑस्बॉर्न यांनी मादागास्करवर पुस्तक लिहिलं, तेव्हा हे माणूसखाऊ झाड थेट पुस्तकाच्या नावात येऊन बसलं.

मी अडले ती झाडाच्या शास्त्रीय नावापाशी. क्रिनोइडा दाजीआना. यातले ‘दाजी’ म्हणजे मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड. हकिकतीत तसा स्पष्ट उल्लेख आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१च्या पहिल्या तुकडीतले पदवीधर, शिलालेख वाचणारे, कुष्ठरोगावर वनस्पतीच्या बियांचं औषध शोधणारे भाऊ दाजी. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५पासून त्यांचं नाव आहे. खोट्या बातमीला एक तरी खरं नाव लागतं, आणि ते इतक्या लांबचं असावं लागतं की कुणी खात्री करायला जाणार नाही. न्यू यॉर्कच्या वाचकाला मुंबईचा विद्वान डॉक्टर त्यासाठी बरोबर पुरला. भाऊ दाजी त्याच वर्षी मे महिन्यात वारले.

माझा विषय वर्तमानपत्रातलं झाड नाही, रंगमंचावरचं आहे. फोमचं, हिरव्या रंगाचं, जबडा असलेलं, ज्याच्या पोटात एक माणूस बसतो. ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ या अमेरिकन संगीत नाटकातलं ते झाड तिथल्या गावोगावच्या हौशी मंडळांनी आणि शाळांनी इतक्या वेळा बांधलं आहे की त्याच्या बांधणीची एक लोकविद्याच झाली आहे. पण ते जिथून उगवलं ती माती आधी पाहायला हवी.

कोलकात्यात तौलनिक साहित्याचं एम.ए. करताना एच. जी. वेल्सची १८९४ची ऑर्किडवरची कथा वाचली होती. लंडनचा एक हौशी गृहस्थ लिलावात परदेशी ऑर्किडचे कंद घेतो. फूल उमलतं, वासाने त्याला गुंगी येते आणि झाडाची मुळं त्याचं रक्त पिऊ लागतात. हे कंद गोळा करणारा माणूस आधीच मेलेला असतो, आणि माल अंदमानकडचा असतो. अंदमानात १८५८पासून इंग्रजांची कैद्यांची वसाहत होती, हे आमच्या वर्गात कुणालाच सांगावं लागलं नाही. आसामच्या चहाच्या मळ्यांत, बंगालच्या निळीच्या शेतांत त्या शतकात झाडांपायी माणसं खरोखरच गिळली गेली होती. गोष्टीत मात्र उलटं घडतं. झाड पूर्वेकडून येतं आणि लंडनच्या सभ्य माणसाला खातं.

हा पूर्वेकडचा पत्ता पुढेही सुटला नाही. १९६०मध्ये रॉजर कॉर्मनने दुसऱ्या चित्रपटाच्या शिल्लक सेटवर, मुख्य चित्रीकरण दोन दिवसांत उरकून, फुलांच्या दुकानातल्या रक्तपिपासू रोपट्याचा विनोदी चित्रपट काढला. त्यात बी जपानी माळ्याकडून आलेलं. हॉवर्ड ॲशमन आणि ॲलन मेंकन यांनी १९८२मध्ये त्याचं संगीत नाटक केलं, तेव्हा रोपटं म्हाताऱ्या चिनी विक्रेत्याकडून आलं, तेही खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी. नाटकाची सुरुवात एका छोट्या थिएटरात झाली, ॲशमन तिथला कलात्मक संचालक होता. तिथून ते न्यू यॉर्कच्याच ऑर्फियम थिएटरात गेलं आणि १९८७पर्यंत २,२०९ प्रयोग चाललं.

गोष्ट सोपी आहे. सिमोर नावाचा गरीब नोकर अनोळखी रोप पाळतो, त्याला आपल्या आवडत्या मुलीचं, ऑड्रीचं नाव देतो. रोप रक्तावर वाढतं. दुकान चालायला लागतं, सिमोरला प्रसिद्धी मिळते, आणि रोपाची भूक माणसांपर्यंत पोचते. शेवटी ते सगळ्यांना खातं. मूळ प्रयोगात अखेरीला छतातून वेली प्रेक्षकांच्या डोक्यावर उतरायच्या.

हे झाड घडवलं मार्टिन रॉबिन्सन याने. तो ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमात बाहुल्या खेळवणारा. तिथल्या स्नफलपॅगस या केसाळ, हत्तीएवढ्या प्राण्याच्या पुढच्या भागात तोच असायचा, मागच्या पायांत दुसरा माणूस. म्हणजे बाहुलीच्या आत राहण्याची त्याला सवय होती. त्याने नाटकासाठी एकाच झाडाच्या चार अवस्था केल्या, आणि आजही बहुतेक मंडळं तोच हिशेब धरतात.

पहिली अवस्था कुंडीतलं वीतभर रोप. ते टेबलाच्या किंवा हाताच्या आडून हलवता येतं. दुसरी मला सर्वांत हुशार वाटते. सिमोर कुंडी काखेत धरून गात असतो. प्रेक्षकांना कुंडीभोवतीचा त्याचा जो हात दिसतो तो कोटाच्या बाहीत भरलेला खोटा हात असतो, आणि खरा हात कुंडीच्या मागून रोपाच्या तोंडात गेलेला असतो. नट स्वतःच आपल्याला खाणाऱ्या झाडाचा हात झालेला असतो, आणि हे करताना त्याला चेहऱ्यावर निरागस आश्चर्य ठेवायचं असतं. तिसऱ्या अवस्थेत झाड जमिनीवर बसतं आणि त्यात माणूस मावतो, त्याचे पाय मुळांसारखे कुंडीबाहेर येतात. चौथ्यात ते रंगमंच व्यापतं आणि माणसं गिळतं.

गावातल्या मंडळाला हे नाटक परवडतं, कारण पात्रं थोडी, वाद्यवृंद लहान, दुकानाचा एकच मुख्य सेट. खर्च झाडाचा. तयार झाडं भाड्याने मिळतात, पण ज्यांच्याकडे पैशापेक्षा माणसं जास्त, ते बांधतात. गादीचा फोम घ्यायचा. सपाट फोमला गोलाई आणायला त्यातून पाचरीसारखे तुकडे कापायचे आणि कडा जोडून चिकटवायच्या. ब्लाऊजला टक्स घालतात तीच युक्ती, फक्त इथे टक्स हातभर लांब. कापून वाकवलेल्या प्लास्टिकच्या पाइपांच्या फासळ्या, प्लायवूडचा जबडा, बिजागऱ्या. खालचा जबडा जमिनीवर टेकतो, वरचा आतला माणूस दोन्ही हातांनी उचलतो. वजनाचा सगळा प्रश्न इथे येतो. वरचा जबडा जड झाला तर गाण्याच्या तिसऱ्या कडव्यापर्यंत खांदे भरून येतात. म्हणून मागून लवचिक दोऱ्यांनी तोल देतात, आणि अनुभवी माणसं रंगसुद्धा पातळ मारतात, कारण फोम रंग पितो आणि जड होतो.

आतल्या माणसाला घशापाशी लावलेल्या काळ्या जाळीतून जेमतेम दिसतं. आवाज त्याचा नसतोच. आवाज देणारा गायक विंगेत किंवा पडद्यामागे माइकपाशी असतो, आणि जबडा त्याच्या अक्षरांवर उघडायचा असतो. स्वराला उघड, ओठांच्या वर्णाला मीट. प्रत्येक अक्षराला फडफडवलं तर झाड बोलल्यासारखं दिसत नाही, चावल्यासारखं दिसतं. दोघांनी मिळून श्वास कुठे घ्यायचा ते ठरवावं लागतं.

मूळ प्रयोगात हा आवाज रॉन टेलरचा होता, १९८६च्या फ्रँक ऑझच्या चित्रपटात ‘फोर टॉप्स’च्या लेव्ही स्टब्जचा. दोघेही काळे गायक. परक्या मुलखातून आलेलं, कधी तृप्त न होणारं झाड काळ्या माणसाच्या आवाजात बोलतं, यावर समीक्षकांनी बोट ठेवलं आहे, आणि १८७४ची हकिकत वाचलेल्या माणसाला ते बोट बाजूला सारता येणार नाही. पण गाणी ऐकताना मी झाडाच्याच बाजूची होते, हेही खरं. सगळ्या नाटकात आपल्याला काय हवं हे न लाजता सांगणारं तेवढं एकच पात्र आहे.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिचा सतरा वर्षांचा मुलगा त्यांच्या गावातल्या हौशी मंडळाच्या प्रयोगात तिसऱ्या आणि चौथ्या झाडात होता. झाड त्यांच्याच गॅरेजमध्ये दोन महिने बांधलं गेलं. बांधणाऱ्यांत निवृत्त प्लंबर होता, शिवणकाम करणाऱ्या दोघी होत्या, आणि पाइप तापवून वाकवायला माझे मेव्हणे. प्रयोगानंतर भाचा बाहेर आला तेव्हा टी-शर्ट पिळून निघत होता. “मावशी, आतून गाणं ऐकूच येत नाही. नुसता ठोका येतो पायातून,” तो म्हणाला. छापील पत्रिकेत आवाजाचा गायक नटांच्या यादीत होता, आणि भाचा शेवटच्या पानावर मदतनिसांच्या यादीत, खुर्च्या लावणाऱ्यांच्या वर. बहीण त्यावरून चांगलीच चिडली. मंडळाच्या बाई म्हणाल्या, तो बोलत नाही ना! भाच्याला काहीच वाटलं नव्हतं. मला मात्र बहिणीचं पटलं, आणि त्यात माझा धंदाही आडवा आला असेल. दुसऱ्याच्या आवाजावर जबडा हलवणं हे मी वीस वर्षं करते आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव असावं की आतल्या पानावर, यावर मीही पत्रं लिहिली आहेत.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, तो ‘बाहुली’ नाही. बाहुली वरून दोऱ्यांनी किंवा हातात घालून खेळवतात. विष्णुदास भाव्यांनी केलेल्या लाकडी बाहुल्या तशाच, खेळवणारा त्यांच्याबाहेर. आत माणूस शिरतो ते सोंग. दशावतारात गणपतीचा मुखवटा घालून येतो ते, जव्हारच्या बोहाड्यात जड मुखवटे पेलत नाचतात ते. आणि तिथे सोंग कुणी घेतलं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं.

या नाटकाचं मराठी करून पाहायचा नाद मला तेव्हाच लागला. झाड खायला मागतं, इंग्रजीत दोन शब्दांत. ‘भरव’ म्हटलं तर ते तान्हं बाळ होतं, ‘खायला घाल’ म्हटलं तर दारातलं कुत्रं. ‘वाढ’ हा शब्द सापडला तेव्हा मी खुर्चीतून उठले. आपण पानात वाढतो आणि झाड वाढतं, क्रियापद एकच. ‘पान वाढ’ म्हटलं की जेवणाचं ताट आणि झाडाचं पान दोन्ही आले. मराठीने हे कोडं आधीच सोडवून ठेवलं होतं. लिंगाचं मात्र सुटत नाही. झाडाला नाव बाईचं, आवाज पुरुषाचा, आणि मराठीत ते ‘ते’. सिमोर त्याच्याशी बोलताना ‘मोठी झालीस’ म्हणेल की ‘मोठं झालंस’? सध्या ‘मोठं झालंस’ ठेवलं आहे, कारण लेकराशी आपण असंच बोलतो.

ऑझच्या चित्रपटातला शेवट चाचणी-प्रयोगांनंतर बदलावा लागला. लोकांना नायक-नायिका गिळले गेलेले सोसले नाहीत. ऑझने दिलेलं कारण साधं आहे: नाटकात खाल्लेली माणसं शेवटी अभिवादनाला बाहेर येतात, चित्रपटात येत नाहीत. न्यू जर्सीत भाचाही बाहेर आला, जबड्यातून आधी हात, मग डोकं. प्रेक्षकांत क्षणभर शांतता झाली. इतका वेळ आत कुणी आहे हे विसरलेल्या लोकांना एक घामेजलेलं पोरगं दिसलं, आणि मग टाळ्या पडल्या.

भाव्यांच्या बाहुल्या लाकडाच्या. त्या टिकल्या, आणि रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. फोमचं तसं नसतं. पॉलियुरेथेन हवेने आणि उजेडाने ठिसूळ होतं, पिवळं पडतं, शेवटी भुकटी होते. बहिणीच्या गॅरेजमध्ये चौथं झाड अजून आहे. वरच्या जबड्याची आतली बाजू हात लावला की गळते. शेजारच्या गावातल्या शाळेने ते मागितलं आहे. प्लंबरकाका म्हणतात, फासळ्या चांगल्या आहेत, फोम नवीन चढवू. भाचा कॉलेजला गेला आहे. आत कोण बसणार, हे शाळेने अजून कळवलेलं नाही.