श्वेत बटू सहचर तारे : अतिनील शोध
जोडताऱ्यातील श्वेत बटू (ताऱ्याचा उरलेला गाभा) साध्या दुर्बिणीला सहसा दिसत नाही. जेमतेम पृथ्वीएवढा हा तारा जोडीदाराच्या दृश्य प्रकाशात बुडून जातो. मात्र तो तापलेला असल्याने अतिनील किरणांत तुलनेने तेजस्वी असतो. वातावरणातील ओझोन व ऑक्सिजन हे किरण शोषून घेतात. म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरील यूव्हीआयटी ही जुळी अतिनील दुर्बीण या कामी आली. कर्क राशीतील एम-६७ हा सुमारे ४ अब्ज वर्षांचा तारकागुच्छ. त्यातील काही तारे वयाच्या मानाने फारच निळे व तरुण दिसतात. त्यांना ‘ब्लू स्ट्रॅगलर’ म्हणतात. त्यांपैकी ‘डब्ल्यूओसीएस १००७’ दूर-अतिनील पट्ट्यात अपेक्षेपेक्षा उजळ निघाला. हा जादा प्रकाश सूर्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढ्या वस्तुमानाच्या श्वेत बटूचा असल्याचे २०१९ मध्ये मांडले गेले. एकटा तारा विश्वाच्या आजवरच्या वयातही इतका हलका श्वेत बटू होऊ शकत नाही. म्हणजेच त्याचे बाह्य थर जोडीदार स्ट्रॅगलरने ओढून घेतले. स्ट्रॅगलरचे तारुण्य असे उसने आहे. ‘हबल’ अवकाश दुर्बिणीनेही एनजीसी १८८ या तारकागुच्छात असे सहचर आधीच टिपले होते.