उपोसथाला हजर राहा: नियम आणि पुरावा

‘धम्म आचरणात असला की झालं, विहारात दर वेळी जायची काय गरज?’ हा प्रश्न आजच्या तरुण बौद्धांकडून बऱ्याचदा ऐकू येतो. गंमत म्हणजे तो थेट विनयपिटकातच आहे.

महावग्गात उपोसथाचं एक प्रकरण आहे. राजगृहाजवळ मद्दकुच्छीच्या मृगवनात महाकप्पिन नावाचे भिक्खू राहत होते. आपण तर परमशुद्ध आहोत, मग उपोसथाला जावं की न जावं, असं त्यांच्या मनात आलं. बुद्धांनी त्यांना काय सांगितलं? आशय असा, की तुमच्यासारख्यांनीच उपोसथाचा मान राखला नाही तर राखायचा कुणी? तेव्हा जायचं. म्हणजे हजेरी स्वतःच्या शुद्धीपुरती नाही, संघासाठी आहे.

ही प्रथा मुळात बौद्धांची नव्हेच. इतर पंथांचे परिव्राजक पक्षातल्या अष्टमी, चतुर्दशी आणि पंधराव्या तिथीला जमत, लोक ऐकायला जात आणि त्यांचे होत. हे पाहून बिंबिसार राजाने आपल्या भिक्खूंनीही जमावं असं सुचवलं. भिक्खू जमले, पण गप्प बसून राहिले! लोक चिडले, त्यांनी मुक्या डुकरांची उपमा दिली. मग धम्म सांगण्याची अनुज्ञा मिळाली. पातिमोक्खाचं, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचं पठण त्यानंतर आलं आणि ते पक्षातून एकदा ठरलं. (चौदावा की पंधरावा दिवस, ही भानगड चंद्राची. चांद्रमास सरासरी 29.53 दिवसांचा, त्याचा अर्धा 14.77. त्यामुळे काही पक्ष चौदा दिवसांचे धरावेच लागतात.)

पठणाला इतकं महत्त्व का, हे समजायला एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: त्रिपिटक लिहून काढलं गेलं ते श्रीलंकेत, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात. तोवर सगळं पाठांतरावर. सगळ्यांनी मिळून नियमितपणे म्हटलं नाही तर ग्रंथच विसरला जाणार. आजारी भिक्खूलाही सूट नव्हती. त्याने आपल्या शुद्धीचा निरोप दुसऱ्याकरवी पाठवायचा.

हे झालं भिक्खूंचं. गृहस्थांचं काय? इथे आपल्याला दगडावरचा पुरावा मिळतो. सारनाथचा अशोकस्तंभ 1904-05 च्या उत्खननात सापडला. संघात फूट पाडणाऱ्या भिक्खू-भिक्खुणींना पांढरी वस्त्रं नेसवून आवासाबाहेर ठेवावं, असा त्यावरचा आदेश प्रसिद्ध आहे. त्याच लेखात पुढे आहे, की आदेशाची एक प्रत उपासकांजवळ असावी, उपासकांनी दर उपोसथाला यावं आणि महामात्रांनीही नियमाने हजर राहावं. कौशांबी आणि सांची इथल्या प्रतींत हा भाग मिळत नाही.

आता ‘अशोकाच्या काळी गृहस्थ नियमित उपोसथाला जात’ असं वाक्य प्रबंधात टाकायचा मोह होतो. टाकू नका. आदेश काय व्हावं ते सांगतो, काय होत होतं ते नाही. ‘येत राहा’ असं राजाला दगडावर कोरावं लागतं, तेव्हा लोक येत नसावेत असाही तर्क करता येतो. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. एवढं मात्र खरं, की उपोसथ हा लोक आणि अधिकारी एकत्र भेटण्याचा ठरलेला दिवस राजाला ठाऊक होता, आणि संघ एकसंध ठेवायला तो त्याला उपयोगी वाटला.

दिवस कुठला, याचा झगडा विसाव्या शतकातही दिसतो. श्रीलंकेत 1966 साली रविवारऐवजी पोया, म्हणजे चंद्रकलांनुसार येणारे उपोसथाचे दिवस, साप्ताहिक सुट्टीचे केले गेले. सुट्टी कधी सात दिवसांनी, कधी आठ. बाहेरच्या जगाशी व्यवहार जुळेनात. 1971 मध्ये रविवार परत आला. पौर्णिमेची सुट्टी मात्र आजही आहे.

महाराष्ट्रात 1956 च्या धर्मांतरानंतर वेगळंच घडलं. बुद्धपौर्णिमा, आषाढी पौर्णिमा आणि वर्षावास टिकले, पण आठवड्याची सामुदायिक वंदना बहुतेक ठिकाणी रविवारी बसली. कारण साधं आहे, कामाला सुट्टी तेव्हाच. मुंबईच्या गिरण्यांना ती 1890 साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यातून मिळालेली.

यावर कुणाला काम करायचं असेल तर वस्तीतल्या विहारात जाऊन आधी जुनी पावतीपुस्तकं आणि बैठकीच्या वह्या ठेवल्यात का ते विचारा. प्रवचनात काय सांगितलं जायचं ते कुणीही सांगेल. पण कोण येत होतं आणि कधीपासून यायचं थांबलं, ते त्या वह्यांतच सापडलं तर सापडेल.