वऱ्हाडातलं एक परदेशी दांपत्य आणि यवतमाळची मंडळी

यवतमाळ म्हटले की आपल्याला कापूस आठवतो, लोकनायक बापूजी अणे आठवतात, जंगल सत्याग्रह आठवतो. तिथली ख्रिस्ती मंडळी सहसा कुणाला आठवत नाही. वास्तविक तिची कथा आपल्या वऱ्हाडच्या इतिहासातलीच आहे, आणि ती सुरू होते अमेरिकेहून आलेल्या एका नवराबायकोपासून.

अर्नेस्ट वॉर्ड आणि फीबी वॉर्ड हे जोडपं १८८१ च्या आरंभी मुंबई बंदरावर उतरलं. नुकतंच लग्न झालेलं. ते ज्या पंथाचे होते त्याचं नाव फ्री मेथडिस्ट. या ‘फ्री’ शब्दाचा उलगडा केल्यावाचून पुढे जाता यायचं नाही. हा पंथ १८६० साली न्यूयॉर्क संस्थानात मूळ मेथडिस्ट मंडळीपासून फुटून निघाला. त्या काळी तिकडच्या बऱ्याच देवळांतून बसायचे बाक भाड्याने देत. पैसेवाला पुढे, गरीब मागे. शिवाय गुलामगिरीच्या प्रश्नावर वडीलधारी मंडळी तोंड उघडीत ना. या लोकांनी म्हटलं, देवाच्या घरात बाक फुकट हवा आणि गुलामही मोकळा हवा. आता पाहा, हे भांडण साता समुद्रापलीकडचं खरं. पण पंगतीत कुणी कुठे बसायचं आणि पाणवठ्यावर कुणी कुठे उभं राहायचं, यावर ज्या मुलखात माणसाची किंमत ठरत होती, त्या मुलखाला ते कळायला जड जाण्याचं कारण नव्हतं.

वॉर्ड दांपत्य आलं तेव्हा त्यांच्या पंथाजवळ परदेशी कामाची पक्की घडी बसलेली नव्हती. दोघांनी आधी बऱ्हाणपुरास बस्तान मांडलं. मोगलांच्या वेळचं ते जुनं शहर. विणकर, बोहरी, मराठी, हिंदी, उर्दू, सगळ्यांची तिथे सरमिसळ. पुढे काही काळ ते मूळ पंथापासून वेगळ्या मंडळींबरोबरही राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या पंथाच्या मिशनचं काम यवतमाळास रुजलं, आणि पुढे वॉर्ड पतिपत्नीही पुन्हा त्या कामात आली. या दोघांच्या आठवणींचं पुस्तक १९०८ साली शिकागोस छापलं गेलं. त्याच्या नावात त्यांनी ‘इंडिया’ घातलं नाही, ‘भारतखंड’ घातलं. एवढ्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण सत्तावीस वर्षांत कानावर कोणता शब्द बसला होता, ते त्यावरून दिसतं.

तेव्हाचं यवतमाळ म्हणजे काही शहर नव्हे. जिल्ह्याचं नावही वणी. ‘यवतमाळ जिल्हा’ हे नाव १९०५ साली पडलं. मुंबई-नागपूर रेल्वेवर धामणगावास उतरायचं आणि तिथून रस्ता धरायचा. नंतर मूर्तिजापूरकडून छोटी गाडी आली. आणि माणसं किती तऱ्हेची! कुणबी, महार, मांग हे तर गावोगाव. केळापूर-वणीकडे गोंड आणि कोलाम, पुसद-दिग्रसकडे बंजाऱ्यांचे तांडे आणि आंध, बाजारात मारवाडी आणि कच्छी, सरहद्दीला तेलुगू. एकाच्या घरात गोंडी, दुसऱ्याच्या तांड्यात गोरमाटी. या सगळ्यांना एका बाकावर बसवायचं तर कोणत्या भाषेत? उपासनेची भाषा मराठी ठरली. नगरकडे अमेरिकन मिशनने १८३१ पासून मराठीत काम केलेलं होतं, मराठी शास्त्र छापलेलं होतं, आणि पुढे रेव्हरंड टिळकांनी भजनं दिली. हार्मोनियमला टाळ-तबल्याची जोड मिळाली तेव्हा हा परका धर्म कानाला निदान ओळखीचा वाटू लागला.

मग दुष्काळ आले. १८९६-९७ चा आणि त्याहून भयंकर १८९९-१९०० चा, ज्याला लोक ‘छप्पनचा’ म्हणतात. पोरकी मुलं मिशनांच्या दारी आली. पंडिता रमाबाई मध्यप्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, तो हाच काळ. आता प्रश्न असा, की भुकेच्या वेळी ज्यांनी जेवू घातलं त्यांचा धर्म मुलाने घेतला, तर त्याला मनाची निवड म्हणायचं काय? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्तच होता. माझ्या मते एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. कुणी अन्नासाठी गेला आणि परत फिरला. कुणाला तिथे पहिल्यांदा पाटी मिळाली आणि तो राहिला. ज्यांनी आपल्या दारातून त्यांना हाकललं होतं, त्यांनी हा प्रश्न जरा दबक्या आवाजात विचारावा, एवढंच.

फीबीबाई १९१० साली वारल्या. अर्नेस्ट १९३७ पर्यंत जगले. त्यांची मुलगी एथेल हीही हिंदुस्थानात मिशनरी झाली आणि १९५१ साली तिने आईबापांचं चरित्र प्रसिद्ध केलं.

तेव्हा वारं बदललं होतं. १९५३ साली यवतमाळास युनियन बिब्लिकल सेमिनरी उघडली आणि केरळापासून ईशान्य सरहद्दीपर्यंतचे विद्यार्थी या लहानशा गावी येऊ लागले. लगेच १९५४ साली मध्यप्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. यवतमाळ त्या वेळी त्याच राज्यात होतं. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य उद्देश आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, असं समितीने १९५६ च्या अहवालात सुचवलं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात गेला. अहवाल अनेकांना झोंबला. पण त्यामुळे एक गोष्ट उघड झाली, की गोरा साहेब गेला तर मंडळी उभी राहील की नाही, याचं उत्तर आता मंडळीलाच द्यावं लागणार. सेमिनरीत पुढे साफिर अथ्याल हे भारतीय प्राचार्य आले. १९८३ साली ती संस्थाच पुण्यास गेली. यवतमाळची मराठी मंडळी मात्र कुठे गेली नाही. तिची उपासना मराठीतच चालते, पाळकही इथलेच असतात, आणि बाकाला भाडं नाही.