वेरूळ-पैठणच्या ताम्रपटांचें तांबें

वेरूळचें कैलासलेणें मुख्यतः राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचें, हें आज शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. परंतु हें ज्ञान त्या लेण्याच्या भिंतीवरून मिळालेलें नाहीं. तें बडोद्यास सांपडलेल्या कर्क सुवर्णवर्षाच्या शके ७३४ च्या ताम्रपटानें दिलें. खुद्द वेरुळीं दंतिदुर्गाचा शके ६६३ चा पट मिळाला. पैठणास तिसऱ्या गोविंदाचा शके ७१६ चा व यादव रामचंद्राचा शके ११९३ चा, असे पट उजेडांत आले. दात्याचा वंश, प्रतिग्रहीत्याचें गोत्र, गांवाच्या चतुःसीमा यांची चर्चा विद्वानांनीं पुष्कळ केली. पण ज्या धातूवर हीं अक्षरें कोरलीं तो आला कोठून, हा प्रश्न आमच्या मंडळींत क्वचितच निघतो.

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, या जिल्ह्याची भूमि काळ्या कातळाची. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून आलेला शिलारस थरावर थर बसून थिजला, तोच हा कातळ. त्यांत तांबें अगदींच नाहीं असें नव्हे. दहा लाख भागांत शंभर-दोनशे भाग असतें, पण तें विखुरलेलें. भट्टी लावण्याजोगें एके ठिकाणीं गोळा झालेलें नाहीं. कैलासाच्या पाथरवटांनीं शंभर फूट खोल कातळ फोडला. तांब्याची शीर लागली असती तर तिची गोष्ट या मुलखांत लोकांच्या तोंडीं राहिली असती!

तांब्याचा धातुपाषाण व्हावयास फार जुन्या, भेगाळलेल्या खडकांतून तप्त उदक वाहावें लागतें. तें वाटेंतील तांबें विरघळवून घेतें आणि पुढें भेगांत गारेबरोबर सोडतें. बालाघाट जिल्ह्यांतील मलाजखंड येथें असेंच झालें. तेथील ग्रॅनाइट सुमारें अडीचशे कोटी वर्षांचा असून त्यांतील गारेच्या धोंड्यांत शेंकडा एकाच्या आसपास तांबें आहे. चंद्रपूर जिल्ह्यांत ठाणेवासना येथेंहि त्याच जातीच्या खडकांत ताम्रधातु मिळतो. हीं दोन्ही स्थळें काळ्या कातळाच्या कक्षेबाहेरचीं आहेत, हें ध्यानांत ठेवावें. बालाघाट जिल्ह्यांतच गुंगेरिया येथें १८७० सालीं तांब्याचीं ४२४ हत्यारें व रुप्याचे १०२ पत्रे एकत्र सांपडले. ते मलाजखंडच्याच तांब्याचे, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु शेजार म्हणजे पुरावा नव्हे, आणि तो निधि राष्ट्रकूटांहून फार प्राचीन.

मग आमच्या कातळाखालीं काय आहे? याचें उत्तर शोधावयास एका भूकंपानें भाग पाडलें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारी येथें भूमि हादरली व जवळजवळ दहा हजार माणसें दगावलीं. स्थिर मानलेला प्रदेश हालला कसा, हें पाहण्यासाठीं तेथें ६१७ मीटर खोल भोंक पाडण्यांत आलें. सुमारें ३३८ मीटरांवर काळा कातळ संपला आणि गाळाच्या एका पातळ थराखालीं ग्रॅनाइटजातीचा पुरातन खडक लागला. म्हणजे मराठवाड्याच्या तळाशींहि मलाजखंडच्याच कुळांतील जुना खडक निजला आहे. जुन्या भेगांच्या पट्ट्यांवर भूमि अद्यापि हालते. नर्मदेच्या पट्ट्यांत जबलपूरचा १९९७ चा व गोदेच्या खालच्या खोऱ्यांत भद्राचलमचा १९६९ चा भूकंप हे त्याचे दाखले. मात्र त्या भेगांत तांबें असेलच असें नाहीं. आणि असलें तरी शेंकडों हात कातळाखालचें तांबें प्राचीन खाणकऱ्यास नसल्यासारखेंच होतें.

तेव्हां तें बाहेरून आलें, हें उघड आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत तांबें, कथील व शिसें हीं आहेत, आणि पैठणाहून त्याच बंदरीं गाड्यांनीं जाणारा माल म्हणजे अकीकासारखे दगड. हे दगड या कातळाच्याच पोकळ्यांत होतात. आमची भूमि आपला दगड देत होती, आणि त्याच वाटेनें धातु आंत येणें शक्य होतें. अमरकोशांत तांब्यास 'म्लेच्छमुख' असें एक नांव आहे, व रसग्रंथकार तांब्याचे 'नेपालक' आणि 'म्लेच्छ' असे दोन प्रकार मानतात. नांवावरून उगम सिद्ध होत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण कोशकारांस तें नांव सहज वाटलें, ही गोष्ट उपेक्षणीय नव्हे. अर्थात् पेरिप्लस व राष्ट्रकूट यांत सातशें वर्षांचें अंतर आहे. तेवढ्या अवधींत मलाजखंडसारख्या जवळच्या खाणींची वाट बंदराच्या वाटेहून सोयीची झाली असेल, हेंहि संभवतें.

याचा निकाल शब्दांनीं लागणार नाहीं, धातूनें लागेल. तांब्यांत लेशमात्र असणाऱ्या शिशाच्या समस्थानिकांचें प्रमाण खाणीखाणींगणिक बहुधा वेगळें असतें, आणि त्याच्या परीक्षेस तांदळाच्या कणाहूनहि लहान तुकडा पुरतो. अडचण एकच: जुनीं भांडीं वितळवून केलेला पट अनेक खाणींची मिसळ असतो. जुन्या पटावरील अक्षरें ठोकून बुजवून त्यावरच नवें शासन कोरल्याचीं उदाहरणेंहि आहेत. त्या पुसट रेषा पहिल्यानें जातात त्या चिंचेनें. गोदाकांठच्या एका घरीं आम्हीं असा पट पाहिला. दर दसऱ्यास घांसून तो देवघरांतील ताम्हणासारखा लखलखीत केलेला, आणि अर्ध्या ओळी हातास लागत होत्या पण डोळ्यांस दिसत नव्हत्या.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं पट घांसूं नये. ठसा घेण्यापूर्वीं प्रत्येक पत्र्याचें वजन व जाडी, कडें अखंड आहे कीं कापलेलें, मुद्रा पत्र्याच्याच धातूची दिसते कीं निराळ्या रंगाची ओतीव, आणि पट कोणत्या शेतांत कोणत्या खोलीवर निघाला, एवढें तरी वाचनाबरोबर लिहून ठेवावें.